शेजारणीला मी विचारलं, मग मत कुणाला दिलं होतंस?

या वेळचं पत्र ओहायोहून आलंय. थोडं कापून देतेय, ओळख पटेल असे तपशील काढलेत.

"ताई, नमस्कार. मी डेटनच्या बाजूला एका छोट्या गावात राहते, वय ४६, नवरा आयटीत, दोन मुलं. आमच्या शेजारी एक बाई राहते, एकटीच असते, वय ६१. तिचे वडील वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणीतून इथे कारखान्यात कामाला आलेले. माझी मुलं लहान असताना तिने खूप सांभाळली. २०२० मध्ये नवऱ्याचा जॉब गेला, आठ महिने घरात पगार नव्हता, तेव्हा हिनेच मला तिच्या किचन टेबलवर बसवून फूड स्टॅम्पचा (कमी उत्पन्नवाल्यांना किराण्यासाठी सरकार दर महिन्याला कार्डावर पैसे टाकतं, ते) फॉर्म भरून घेतला. ती स्वतः पण घेत होती. हे मी आजपर्यंत मराठी मंडळात कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तिच्या अंगणात गेली तीन इलेक्शन एकाच माणसाची पाटी असते, आम्ही दुसऱ्या बाजूचे, पण विषय कधी काढला नाही. गेल्या नोव्हेंबरात शटडाऊनमुळे स्टॅम्प आले नाहीत तेव्हा ती सकाळी दारात आली आणि म्हणाली, या महिन्यात कार्डावर काहीच आलं नाही गं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मग मत कुणाला दिलं होतंस? ती काही बोलली नाही, वळून गेली. तेव्हापासून बोलणं बंद. आता कळलं की मार्चपासून तिचं कार्ड पूर्ण बंद झालंय, कामाचा काहीतरी नवीन नियम आहे म्हणून. मी शनिवारी चर्चच्या पँट्रीत, जिथे फुकट धान्य वाटतात तिथे, मदतीला जाते, तिथे ती रांगेत दिसली आणि मला बघून मागे फिरली. नवरा बुलढाण्याचा, तो म्हणतो पेरलं तेच उगवलं, आपण कशाला जीवाला लावून घ्यायचं. मला रात्री झोप लागत नाही. तिचं कॅसरोलचं काचेचं भांडं अजून माझ्याकडेच आहे. काय करू?"

अगं, आधी जा. पुढचं नंतर वाच. खरंच सांगते, हे सगळं वाचून झाल्यावर विचार करून शनिवारी बघू असं करू नकोस, आज संध्याकाळी जा, चार पावलांवर घर आहे तिचं.

आता तू जाऊन आलीस असं धरून बोलते.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मी दोन-तीनदा वाचली. ती बाई सकाळी तुझ्या दारात आली. त्याच गल्लीत तिच्यासारखीच पाटी लावणारी चार घरं तरी असतील, चर्चमधल्या मैत्रिणी असतील, तिकडे नाही गेली, तुझ्याकडे आली. कारण त्या रस्त्यावर कार्ड रिकामं असणं म्हणजे काय हे माहीत असलेली दुसरी बाई तूच होतीस, आणि तुला ते माहीत आहे हे तिलाच माहीत होतं. ती तुझ्याकडे पैसे मागायला आली नव्हती गं, ती सांगायला आली होती. आपण नाही का, पोटातलं दुखणं ज्याला कळेल त्यालाच सांगतो. तू जे विचारलंस ते दुसऱ्या कुठल्या दिवशी, चहा पिताना विचारलं असतंस तर ती कदाचित भांडली असती, तूही भांडली असतीस आणि संपलं असतं. त्या सकाळी ते फार लागलं.

मी न्यू जर्सीत काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) ऑफिसात १९ वर्षं हेच फॉर्म तपासायचं काम केलंय, आता रिटायर झाले. त्या १९ वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या माणसाने मत कुणाला दिलंय हे मला कधी कळलं नाही, फॉर्मवर तो रकानाच नाही. घरात माणसं किती, पगार किती, भाडं किती, विजेचं बिल किती, एवढंच. ट्रम्पची लाल टोपी घालून आलेला माणूस आणि ओबामाचा जुना टीशर्ट घालून आलेली बाई एकाच बाकावर बसून नंबर यायची वाट बघायचे आणि दोघांच्या हातात तसलंच पिवळं पाकीट, त्यात पगाराच्या चिठ्ठ्या, घडी पडलेल्या. आणि दुकानात तर तू स्वतः पाहिलंयस, मला सांगायची गरज नाही. बिलाच्या सरकत्या पट्ट्यावर मधे ती काठी ठेवायची, अलीकडे दूध, अंडी, ब्रेड, डाळ, हे कार्डावर, पलीकडे साबण, टॉयलेट पेपर, सॅनिटरी पॅड, हे रोख, कारण स्टॅम्पवर साबण मिळत नाही, डायपर मिळत नाही, औषध मिळत नाही, भाजलेली गरम कोंबडी सुद्धा मिळत नाही, तीच गार असेल तर मिळते. आणि मागे रांगेत उभं असलेलं माणूस ती काठी बघतंय असं आपल्याला उगाच वाटत राहतं. तू कुठल्या दुकानात जायचीस? मला वाटतं गावातल्या नाही, लांबच्या. बहुतेक सगळ्याच आपल्या बायका लांबच्या दुकानात जायच्या, मी पाहिलंय.

माझं लहानपण नगर जिल्ह्यातलं. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमचे अण्णा आणि आई दोघं खडी फोडायच्या कामावर जायचे. मला आठवतंय ते असं की आमच्या गावात काँग्रेसवाले आणि लाल बावट्याचे एकमेकांच्या लग्नाला जायचे नाहीत, निवडणुकीत तर डोकी फुटलेली, पण खडीच्या ढिगावर दोघांच्या घरच्या बायका शेजारी शेजारी बसलेल्या, हाताला चिंध्या गुंडाळून. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, ओंजळीत घ्यायची आणि तिथेच खायची, घरी नेईपर्यंत राहायचीच नाही. आणि रेशनवर लाल मिलो, अमेरिकेतून आलेली, भाकरी थापताना चिरायची आणि तिला आमच्या ज्वारीची चव नव्हती, तरी खाल्ली, सगळ्यांनी खाल्ली. सरपंचांच्या घरी पण तीच होती. माझी आजी म्हणायची की पोटाला पार्टी नसते, आणि ती काही शिकलेली नव्हती, तिने फक्त तो ढीग पाहिला होता.

म्हणजे बघ, तुझ्या नवऱ्याच्या आणि माझ्या आधीच्या पिढीने अमेरिकेतल्या शेतकऱ्याचं धान्य खाल्लंय. आणि हे फूड स्टॅम्प पण त्याच घरातलं भावंड आहे. १९६१ मध्ये केनेडींनी फूड स्टॅम्पचा प्रयोग नव्याने सुरू केला तो आधी वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल काउंटीत, कोळसा खाणीचा भाग, खाणी बंद पडत होत्या आणि घराघरात उपासमार. तुझ्या शेजारणीचे वडील ज्या डोंगरातून आले ना, तिकडचंच. त्याच वर्षी केनेडींनी परदेशात धान्य पाठवायच्या खात्याचा प्रमुख नेमला जॉर्ज मॅकगव्हर्न, साउथ डकोटाचा डेमोक्रॅट. पुढे हाच मॅकगव्हर्न आणि कॅन्ससचा रिपब्लिकन बॉब डोल यांनी मिळून १९७७ चा कायदा केला. त्याच्या आधी काय होतं माहितीये का, स्टॅम्प घ्यायला आधी रोख पैसे भरायला लागायचे, म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याला काहीच नाही, ती अट या दोघांनी काढली. एक डेमोक्रॅटांचा अध्यक्षपदाचा उमेदवार, दुसरा रिपब्लिकनांचा उपाध्यक्षपदाचा, राजकारणात कट्टर विरोधक. गव्हाच्या राज्यातल्या माणसाला कळत होतं की शहरातल्या गरिबाने विकत घेतलं तरच शेतकऱ्याचं विकलं जातं. दोघांना मिळून २००८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आज मॅकडॉवेल काउंटी रिपब्लिकनांची आहे, ट्रम्प उभा होता त्या तीनही वेळा मोठ्या फरकाने, आणि तिथली किती घरं अजून त्या कार्डावर चालतात हे तिथल्या दुकानदाराला विचार.

आता नवऱ्याचं, पेरलं तेच उगवलं.

त्याला सांग की पेरणाऱ्यांची यादी मोठी आहे. मुलं सांभाळायची नसलेल्या धडधाकट माणसाला तीन वर्षांत तीनच महिने स्टॅम्प, त्यापुढे महिन्याला ८० तास काम दाखवा, ही अट कुणाच्या सहीने आली? १९९६ ला क्लिंटनच्या. २०१४ च्या फार्म बिलात (शेती आणि स्टॅम्पच्या कायद्यात) कपात झाली त्यावर सही ओबामाची. कोविडमध्ये वाढवलेले स्टॅम्प काही राज्यांत आधीच बंद झाले होते, मार्च २०२३ मध्ये उरलेल्या राज्यांतही बंद झाले, तिथे दर घरामागे महिन्याला कमीत कमी ९५ डॉलर गेले, काहींचे तर याच्या दुपटीने, त्या वेळी राष्ट्राध्यक्ष बायडन. आणि त्याच वर्षी कर्जमर्यादेच्या तडजोडीत ती कामाची अट ४९ वर्षांवरून ५४ पर्यंत नेली, तेव्हाही बायडनच. आपण दोघी कुणाला मत देत आलो? मी पण डेमोक्रॅटांकडचीच आहे, लपवत नाही. म्हणजे तू तिला जो प्रश्न विचारलास तो २०२३ मध्ये तिने तुला विचारला असता तर?

पण सगळे सारखेच असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं होईल. ४ जुलै २०२५ ला ट्रम्पने ज्या कायद्यावर सही केली त्याच्याएवढी मोठी कपात या योजनेत आजवर झालेली नाही, दहा वर्षांत मिळून साधारण १८६ अब्ज डॉलर. कामाची अट ६४ वर्षांपर्यंत गेली. मूल १४ वर्षांचं झालं की आई-बापाला पण अट. माजी सैनिक, बेघर, फॉस्टर केअरमधून (सरकारने दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला दिलेली) बाहेर पडलेली तरुण पोरं यांना सूट होती ती काढली. निर्वासित म्हणून आलेल्यांचे स्टॅम्प काढले. एकाही डेमोक्रॅटने त्याला मत दिलं नाही, सिनेटमध्ये ५०-५० झालं आणि उपाध्यक्षाच्या मताने पास झालं. याचा राग तुला येतो, मलाही येतो, यायलाच हवा. फक्त तो राग कुणाच्या दारात न्यायचा हा प्रश्न आहे, आणि ६१ वर्षांची गुडघे दुखणारी शेजारीण (गुडघ्याचं मी धरून चालतेय, त्या वयाच्या बाईचे गुडघे चांगले असतील तर देवाची कृपा) हे ते दार नाही. या योजनेत जवळपास ४ कोटी २० लाख माणसं होती, देशातलं दर आठवं माणूस. त्यातली ४० टक्क्यांच्या आसपास मुलं आहेत, त्यांनी कुणालाच मत दिलेलं नाही.

आणि नवऱ्याला बुलढाण्याचंच विचार ना. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना स्वस्तात गहू-तांदूळ मिळायचा, शेतकरी आत्महत्यांचे जिल्हे म्हणून २०१५ पासून. पुढे धान्य बंद झालं आणि २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यावर, नंतर १७० केले. १५० रुपयांत बाजारात किती गहू येतो ते त्याला माहीत आहे. त्याच्या चुलत्यांनी, मामांनी कुणाला मत दिलं होतं? काहींनी ह्यांना, काहींनी त्यांना, आणि धान्य सगळ्यांचंच गेलं. तेव्हा त्याने काकांना फोन करून पेरलं तेच उगवलं म्हटलं का? नाही म्हटलं. बहुतेक पैसे पाठवले असतील. मग इथे शेजारच्या बाईला वेगळा न्याय का, एवढंच त्याला शांतपणे विचार, भांडू नकोस.

नोव्हेंबरचं पण थोडं सांगते कारण त्यात बऱ्याच लोकांना घोळ आहे. १ ऑक्टोबर २०२५ ला खर्चाला संसदेची मंजुरी न मिळाल्याने सरकार बंद पडलं, तोच शटडाऊन, १२ नोव्हेंबरला उघडलं, ४३ दिवस. १ नोव्हेंबरला स्टॅम्प आले नाहीत, या योजनेच्या इतिहासात असं आधी झालेलं नव्हतं. कोर्टात गेले, राखीव निधी वापरा असं न्यायाधीशांनी सांगितलं, मग कुठे अर्धे आले, कुठे पूर्ण, कुठे दोन आठवड्यांनी. आणि मिझुरीचा रिपब्लिकन सिनेटर जॉश हॉली, ज्याने जुलैतल्या कायद्याला मत दिलं होतं, तोच ऑक्टोबरात स्टॅम्प चालू ठेवायचं बिल घेऊन उभा राहिला आणि त्याच्यामागे दुसरेही रिपब्लिकन आले. का आले? मला वाटतं, त्यांच्या ऑफिसातले फोन वाजत असणार, आणि फोन करणारे त्यांचेच मतदार असणार. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आता कामाचं बोलू, कारण माफी मागून पोट भरत नाही.

तिच्याकडे एक पत्र आलं असेल काउंटीकडून, कार्ड का बंद केलं त्याचं. ते शोधायला सांग, आणि त्यावरची तारीख बघा. त्या तारखेपासून ९० दिवसांत सुनावणी मागता येते. मार्चपासून बंद म्हणजे दिवस थोडे उरलेत, म्हणून म्हटलं आज जा. सुनावणी मागायला वकील लागत नाही, फोनवर पण मागता येते, पण लिहून द्या आणि कॉपी ठेवा. तुमच्या भागात फुकट कायदेशीर मदत देणारी लीगल एडची ऑफिसं असतात, तिथे फोन करा, हे लोक अशा केसेस रोज बघतात.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ही कामाची अट ज्याला शरीराने किंवा मनाने काम झेपत नाही त्याला लागू नाही. पण ते आपोआप होत नाही, सांगावं लागतं, डॉक्टरची चिठ्ठी लागते. आता तुझी शेजारीण त्या पिढीची आणि त्या डोंगराची, ती काउंटीच्या माणसाला मला झेपत नाही असं कधी म्हणणार नाही. फोनवर विचारलं असेल, यू एबल टू वर्क? आणि ती म्हणाली असेल, येस सर. मी अशी शेकड्याने माणसं पाहिली, पाठीचा कणा मोडलेला आणि तोंडाने काही नाही मी ठीक आहे. मान जपायला जातात आणि हक्काचं जातं. तर तिला डॉक्टरकडे घेऊन जा, गाडी तू चालव, आणि चिठ्ठीत नुसतं संधिवात असं नको, किती वेळ उभं राहता येतं, किती वजन उचलता येतं, किती महिने हे राहील असं लिहून घ्या.

डॉक्टरने नाही दिली चिठ्ठी तर दुसरा रस्ता आहे. ते ८० तास पगाराचंच काम असावं असं नाही, फुकट सेवा पण धरतात. तू शनिवारी ज्या पँट्रीत जातेस ना, तिथेच. खुर्चीवर बसून डब्यांवरच्या तारखा बघणं, फोन घेणं, नावं लिहिणं, हे तिला जमेल. पँट्री चालवणाऱ्यांकडून महिन्याचे तास लिहून सही घ्यायची आणि काउंटीला द्यायचं. एकदा बंद झालं तरी ३० दिवसांत ८० तास भरले की परत चालू होऊ शकतं. म्हणजे जिथून ती तुला बघून मागे फिरली तिथेच तुझ्या शेजारी बसून तिचं कार्ड परत येऊ शकतं, फक्त तू तिला तसं विचारायला हवंस. मदत कर असं म्हण, आम्हाला माणसं कमी पडतायत म्हण, आणि ते खरंच आहे, हल्ली कुठल्या पँट्रीत माणसं पुरतात?

तिसरं, ती ६० च्या पुढची आहे तर तिचा औषधांचा खर्च महिन्याला ३५ डॉलरच्या वर जात असेल तर वरचा खर्च उत्पन्नातून वजा होतो आणि स्टॅम्प वाढतात, बहुतेकांना माहीतच नसतं, पावत्या फेकून देतात. हे एक मला कधी समजलं नाही बघ, औषधाच्या हिशोबाला ६० ला म्हातारी आणि कामाच्या अटीला ६४ पर्यंत तरणी, एकाच बाईचं एकाच फॉर्मवर. आणि ६० च्या पुढच्या कमी उत्पन्नवाल्यांना महिन्याला एक सरकारी धान्याचा खोका मिळतो, वेगळी योजना आहे, स्टॅम्प बंद असले तरी मिळतो, तुमच्या पँट्रीतच चौकशी कर.

पँट्रीच्या भरवशावर मात्र तिला सोडू नकोस. मी पण पँट्रीत उभी राहिलेय आणि माझं मन भरून येतं तिथे, पण फूड बँकवालेच सांगतात की त्यांच्याकडून एक जेवण जातं तेव्हा स्टॅम्पमधून नऊ जातात. ते नऊ चर्चच्या तळघरातून भरून निघत नाहीत, कितीही डबे गोळा केले तरी. शिवाय पुढे अजून येणार आहे. ऑक्टोबर २०२६ पासून ऑफिस चालवायच्या खर्चाचा राज्यांवरचा वाटा ५० टक्क्यांवरून ७५ टक्के होतोय, आणि ऑक्टोबर २०२७ पासून ज्या राज्याच्या हिशोबात चुका जास्त त्याला स्टॅम्पच्या पैशातला काही हिस्सा स्वतः भरायचाय. ओहायो असो नाहीतर न्यू जर्सी, राज्याकडे पैसे कमी पडले की ऑफिसातली माणसं कमी होतात आणि फॉर्म अडकतात, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय.

आणि आता तो फोन. तुमच्या भागाचा खासदार रिपब्लिकन असेल असं गृहीत धरते. त्याच्या ऑफिसात तू फोन केलास, माझं नाव अमुक, मी डेमोक्रॅट, तर तिथली पोरगी नोंद करेल आणि विसरेल. तुझ्या शेजारणीने केला, मी तुम्हाला तीनदा मत दिलंय आणि माझं कार्ड बंद झालंय, तर ते वर जातं. पण हे तिला आत्ता सांगू नकोस हां, महिनाभर तरी नाही. आधी कार्ड, आधी तुमचं बोलणं. तिला वाटलं पाहिजे की तू तिच्यासाठी आलीस, तिच्या फोनसाठी नाही. पुढे कधी तिने स्वतः विषय काढला तर दोघी मिळून बसा आणि करा. मत बदललंस का असं कधीही विचारू नकोस. नसेल बदललं. मग?

माफी कशी मागायची तेही विचारलं नाहीस पण सांगते, कारण आपल्याला माफी मागता येत नाही, आपण कारणं सांगतो. मी त्या दिवशी टेन्शनमध्ये होते, बातम्या बघून डोकं फिरलं होतं, तसं काही नको. त्या सकाळी तू माझ्याकडे आलीस आणि मी तुला तसं बोलले, ते चुकलं माझं. बस. ती दार लावून घेईल कदाचित. लावू दे, दोन दिवसांनी परत जा.

राहिलं तुझं गुपित. मंडळात उभं राहून भाषण कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. पण तुझ्या मंडळात आणखी किती घरं आहेत तुला माहितीये का? मला माझ्या भागातली माहीत आहेत, नावं मी मरेपर्यंत सांगणार नाही. लेऑफ झालेले, घटस्फोट होऊन दोन पोरांसह एकटी राहणारी, मुलाकडे आलेले आणि मुलाशी पटलं नाही म्हणून वेगळी खोली घेतलेले म्हातारे आई-बाप. ग्रीन कार्डला पाच वर्षं झालेल्या माणसाला अजूनही स्टॅम्प मिळू शकतात, एच-वन वाल्यांना आधीही नव्हते. आणि हीच माणसं गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी राहून "हे फुकटे लोक" अशी चर्चा ऐकतात आणि माना डोलावतात, कारण नाही डोलावली तर कळेल. तू त्या चर्चेत एकदा, फक्त एकदा, म्हणालीस ना की आम्हीपण घेतले होते आठ महिने, तर त्या रात्री तुला कुणाचा तरी हळूच मेसेज येईल, फॉर्म कुठे मिळतो म्हणून. आईला मात्र सांग. तिने रेशनच्या रांगेत आयुष्य काढलंय, तिला त्यात लाज वाटणार नाही, तुला वाटतेय तेवढी तर नाहीच.

ते भांडं. रिकामं देऊ नकोस, तुला सांगायला नकोच, आपल्याकडे कुणी देत नाही. पण किराणाची पिशवी पण नेऊ नकोस, ती तिला दान वाटेल आणि परत पाठवेल. कॅसरोलच्या भांड्यातून तुला तेव्हा जे आलं होतं ते शेजारणीचं होतं, तसंच जाऊ दे. साधी मुगाची खिचडी टाक, मऊ, वर तूप, आणि तिखट बेताचं. दोघींपुरती कर म्हणजे तिने आत बोलावलं तर तिथेच बसून खाता येईल, आणि टेबल पुसलेलं असेल तर काउंटीचं ते पत्रही काढून बघा. झालं की मला कळव.